डावा पीळ

क्रिस, आमची जावाची नागमोडी कट्यार, हातात घेतली आणि मी ती ओळखली. तरी चेहरा कोरा ठेवला. इतकी वर्षं दातओठ खाल्ले होते, आणखी घटकाभर खायला हरकत नव्हती.

जावातल्या सोलो गावच्या आमच्या क्रिस-मंडळात पातं कुठलं, किती जुनं, हे ठरवायचं काम माझं. आज समोर राडेन ब्रोतो बसले होते. याच माणसानं तरुणपणी माझ्या बाबांकडून क्रिस घडवून घेतली आणि गावभर सांगितलं, 'कार्तोसेमितोच्या हाती लोखंड मरतं, त्याचं पातं मी नदीत फेकलं.' बाबांची भट्टी विझली. ते तो डाग घेऊनच गेले. मला तो पुसायचा होता, आणि याच माणसाच्या तोंडून पुसायचा होता.

"पाचशे वर्षांपूर्वीच्या माजापाहित राजांच्या काळातली आहे, बू सुलांजारी," राडेन म्हणाले. "सात पिढ्या आमच्या घरात."

"पातं जिवंत दिसतंय खरं," मी म्हटलं. "आजकालच्या कुणाला जमेल असं?"

मी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, आणि ते भराभर चढले.

"आजकालचे? त्यांनी खुरपी करावीत. असा हात शतकात एकदा जन्माला येतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"धुवायला मूठ काढू का, पाक?" मी अदबीनं विचारलं.

"काढा की. आम्हाला काय लपवायचंय?"

मूठ निघाली. पात्याचा मुठीत शिरणारा दांडा मी पंजात झाकून धरला. पातं लिंबाच्या रसानं घासलं, त्यावर सोमलाचं पाणी चढवलं. लोखंड काळं झालं आणि त्यातली नक्षी पांढरीशुभ्र लखलखली. जुन्या पात्यात ती धुरकट राखाडी येते. सगळे पुढे झुकले.

"हे निकेल," मी म्हटलं. "आईच्या सायकलचं हँडल बाबांनी भट्टीत घातलं होतं. ती बिचारी पुढे बाजारात पायी जायची. माजापाहितात सायकली होत्या का, पाक?"

मग मी पंजा उघडला. दांड्याला पीळ होता, डावीकडे. सोलोत डावखुरा एम्पू, क्रिस घडवणारा, एकच झाला, माझे बाबा. ते तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"मला कुणीतरी फसवलं," राडेन पुटपुटले.

"सातांतल्या कुठल्या पिढीनं?" मंडळाचे म्हातारे अध्यक्ष, एयांग डार्मो, शांतपणे म्हणाले. "रिवाज माहीत आहे ना? निवाडा मालकानं आपल्या तोंडानं सांगायचा. नाहीतर उद्यापासून इथं यायचं नाही."

राडेननी नजर चटईकडे वळवली.

"सोलोची," ते म्हणाले. "नवी. घडवणारे... एम्पू कार्तोसेमितो."

मी पातं कपाळाला लावलं. डोळे भरून आले, पण माझं समाधान झालं नव्हतं.

"मागच्यांना ऐकू नाही आलं, पाक," मी म्हटलं. "आणि असा हात शतकात एकदा जन्माला येतो, तेही सांगा."