पळून आणि पळवून

लग्न झाल्यापासून वसुधाला सगळे एकाच गोष्टीवरून चिडवायचे: "श्रीरंगानं हिला पळवून आणली हो!" घरच्यांचा विरोध होता, म्हणून दोघांनी गुपचूप लग्न उरकलं होतं, एवढंच. जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या मराठी मंडळींतही तोच विनोद चालायचा आणि वसुधाही खुशाल हसायची.

निर्वासितांच्या सुनावणीला ती हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून बसायची. आपली मुंबईची हिंदी कुठेही खपते, असा बाईंचा तोरा. शमीम मसीह तिच्याच वाट्याला आली. पाकिस्तानी पंजाबातली, सीमेलगतच्या गावची ख्रिस्ती बाई. धाकटी आस्तेर सोबत होती. "पोरीला बाहेर बसवू या, हे तिच्या कानावर नको," असं वसुधानंच कळवळून सुचवलं.

थोरल्या मुलीचं विचारल्यावर शमीमनं मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "जमींदार का बेटा रिबका को भगा के ले गया."

वसुधानं सुनावणी घेणाऱ्या साहेबांना जर्मनमध्ये सांगितलं, मुलगी त्याच्याबरोबर पळून गेली. पुन्हा एकदा विचारलं असतं तर काय जीभ झिजली असती का? पण तिच्या डोक्यात तोच जुना विनोद. शेवटी जबाब वाचून दाखवताना ते 'पळून गेली' तिच्या तोंडून पुन्हा 'भगा ले गया' होऊनच बाहेर पडलं. शमीमनं मान डोलावली, सही केली.

आश्रयाचा अर्ज फेटाळला. मुलगी राजीखुशीनं गेली, मग कुटुंबाला धोका कसला?

खरं काय ते वकिलाकडे उलगडलं. गावात दंगल पेटली होती, ख्रिस्ती वस्ती जळत होती. त्या धुमाकुळात रिबकाला ओढत गाडीत घातलं आणि जबरदस्तीनं निकाह लावला. शेजारच्या मुसलमान बाईनं धान्याच्या कोठीत लपवली, म्हणून आस्तेर वाचली. वसुधा कोर्टात रडत म्हणाली, चूक माझी आहे. न्यायाधीशबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पण जबाब वाचून दाखवला होता, शमीमला तो मान्य होता. अपीलही गेलं.

मायलेकी परत जायच्या त्याच्या आदल्या दिवशी वसुधा त्यांना भेटायला गेली. आस्तेर आता रिबका तेव्हा होती तेवढी झाली होती. शमीम बॅग भरत होती. वसुधाला बघून ती उठली आणि चहा ठेवला. तिच्या त्या चांगुलपणानं वसुधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आस्तेर मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "पळवून नेण्याला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते मला तेव्हाही येत होतं. अहो, दारापलीकडेच तर बसले होते मी. तुम्हीच मला बाहेर बसवलंत."

शमीमला जर्मन कळत नव्हतं. तिनं कप पुढे केला आणि वसुधाला विचारलं, "क्या कह रही है, बेटी?"

या वेळी वसुधानं शब्दन्‌शब्द नीट सांगितला.