समासातील नावे

मी एक जुनी पुस्तिका आहे. पुस्तक म्हणवून घेण्याइतकी माझी जाडी नाही, मित्रांनो. पाने सोळा, मधोमध दोन पिना, त्याही आता गंजलेल्या. नव्या रीतीने लग्न कसे लावावे, हे माझ्यात छापलेले आहे.

१९५७ साली बारामतीतल्या एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. त्याच्या आदल्या वर्षी गावोगावच्या कितीतरी घरांनी धम्माची दीक्षा घेतली होती. जुने विधी सुटले, पण लग्ने काही थांबत नाहीत. आधी काय म्हणायचे, हार कधी घालायचे, हे लोकांना सांगणारे कुणीतरी हवे होते. म्हणून आमच्या पाचशे प्रती निघाल्या. माझा टाईप ठसठशीत होता. छपाईच्या चुका अवघ्या दोन होत्या. समास चांगले रुंद होते, खालचा तर दोन बोटे. त्या कोऱ्या समासांचा मला फार तोरा होता.

तो तोरा गंगारामतात्यांनी उतरवला. तात्या टपाल वाटायचे. सुटीच्या दिवशी सायकल काढून सांगवी, मोरगाव, पार इंदापूरपर्यंत लग्ने लावायला जायचे. मी त्यांच्या खाकी पिशवीत असे. महिन्याभरात त्यांना माझे सगळे छापील तोंडपाठ झाले आणि मग त्यांनी ते वाचणे सोडूनच दिले. ते मला उघडायचे ते फक्त समासासाठी.

तात्यांचा एक नियम होता. हार घालण्याआधी नवरीने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहायचे. अंगठा चालणार नाही. बहुतेक नवऱ्या शाळेची पायरी न चढलेल्या. म्हणून तात्या सकाळीच मांडवात पोचायचे, काडीने मातीत अक्षरे काढायचे आणि नवरीकडून गिरवून घ्यायचे. वऱ्हाडी कुरकुरायचे, स्वयंपाकी भात गार होतो म्हणून ओरडायचे. तात्या ढिम्म हलायचे नाहीत. अक्षर जमले की मला उघडून समासातली जागा दाखवायचे आणि वर बारीक अक्षरात गाव आणि साल लिहायचे.

खरे सांगते, मला ते मुळीच आवडत नसे. एकीचे अक्षर डोंगर चढायचे, दुसरीचे विहिरीत उतरायचे. कुठे शाई सांडलेली, कुठे हळदीचे बोट. वीस वर्षांत माझ्या चारी बाजू भरून गेल्या. मी छापील, शहाणीसुरती पुस्तिका, आणि माझ्या अंगाखांद्यावर हा गोंधळ. मी मनातल्या मनात नाकाने कांदे सोलत राही.

तात्या गेले. मी त्यांच्या ट्रंकेत पडून राहिले. पुढे त्यांच्या नातवंडांनी घर बदलले तेव्हा ट्रंकेतले सगळे कागद रद्दीत गेले. इंदापूरच्या बाजारात, जुन्या पंचांगांच्या ढिगात, मी विजयसिंहांच्या हाती लागले.

विजयसिंह हे निवृत्त इंजिनियर. जुनी पुस्तके आणि पत्रके जमवणे हा त्यांचा ध्यास. त्यांच्या इंदापूरच्या घरात एक खोली फक्त आमच्यासारख्यांची आहे. ऊन नाही, ओल नाही, कपाटात कडुनिंबाचा पाला. पाहुण्याला सुती हातमोजे घातल्याशिवाय ते पान उलटू देत नाहीत. इतके जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांची एकच खोड होती. सगळ्या पुस्तिका त्यांना एका उंचीच्या, एका मरून कापडात बांधलेल्या लागत. जी उंच असेल तिची कड कापायची. बांधणी झाली की मग माप घेऊन तिची नोंद करायची.

ही बांधणी बारामतीचे मुबीनभाई करतात आणि नोंदी त्यांची मुलगी मेहरीन लिहिते. एका कार्डावर नाव, छापखाना, साल, पाने, माप आणि शेवटी दोष. तिचे अक्षर पाहून मला माझ्या टाईपची आठवण होते.

विजयसिंहांच्या संग्रहाचे प्रदर्शन आठ दिवसांवर आले होते. मुबीनभाईंनी मला कटिंग मशीनवर ठेवले, चाक फिरवले आणि माझी खालची कड अर्धा बोट उडवली. दुखले वगैरे काही नाही, कागदच तो. उलट बरे वाटले. खालचा गोंधळ गेला, आता बाजूचाही जाईल, असे मला वाटले. पण जोहरची वेळ झाली होती. मुबीनभाई नमाजाला गेले आणि वेळ वाचावा म्हणून मेहरीनने माझे कार्ड भरायला घेतले.

दोषांच्या रकान्यात तिने लिहिले, 'समासांत हाताने लिहिलेली नावे.' मग ती थांबली. एकेक नाव वाचू लागली. प्रत्येक नाव वेगळ्या हाताचे, आणि सगळी बायकांची. सहाव्या पानाच्या बाजूला 'सांगवी, १९६१' आणि त्याखाली 'रंगु'. बाकी पानांच्या तळाची नावे जरा वर असल्याने बचावली होती. पण त्याच पानाच्या तळाशी पुन्हा 'सांगवी, १९६१' होते आणि त्याखाली नाव नव्हते. नुसती एक लांब आडवी रेघ आणि तिच्यावर एक टिंब.

मेहरीनची मैत्रीण तेजश्री बारामतीच्या एका शाळेत शिकवते. तिच्या आजीचे नाव रंगुबाई आणि घर सांगवीला. मेहरीनने तिला फोन केला. तेजश्रीने आजीला विचारले आणि थोड्या वेळाने तिचाच फोन आला. आजी म्हणाली होती, व्हय, ते माझंच लिवणं. आणि एकच विचारले होते, की झुंबरचे नाव त्यात आहे का.

झुंबर ही रंगुबाईंची थोरली बहीण. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोन भावांना, एकाच मांडवात. तिसऱ्या वर्षी झुंबर बाळंतपणात गेली. तिचा फोटो नाही, मूल वाचले नाही, कागदावर कुठे नाव नाही. जन्मात तिने एकदाच लिहिले होते, त्या मांडवात.

मुबीनभाई परत आले तेव्हा मेहरीनने त्यांना सहावे पान दाखवले आणि फोनवरचे सांगितले. त्यांना सगळे कळले तेव्हा ते आधी कातरणाच्या पेटीकडे धावले. पेटी रिकामी होती. कातरण जाळून बांधणीची खळ शिजवायची ही त्यांची रोजची रीत. नमाजाला जाताना सवयीने त्यांनीच ते चुलीत सारले होते आणि खळ चांगली घट्ट शिजून तयार होती. बैल गेला नि झोपा केला, असे त्यांचे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंहांच्या गाडीतून मुबीनभाई, मेहरीन आणि मी सांगवीला गेलो. मुबीनभाईंनी मला कापडात गुंडाळून मांडीवर घेतले होते. विजयसिंह वाटेत म्हणाले की पुस्तिका त्यांचीच, माप त्यांनीच ठरवलेले, तेव्हा चूकही त्यांचीच. मुबीनभाई म्हणाले, चाक मी फिरवलं.

रंगुबाई ओट्यावर बसल्या होत्या. ऐंशी वर्षांची बारीक म्हातारी, नजर मात्र पक्की. विजयसिंहांनी खिशातून हातमोजे काढले, तिच्या हातांकडे पाहिले आणि परत ठेवून दिले. मुबीनभाईंनी मला तिच्या मांडीवर उघडून ठेवले.

"आजी, तुमच्या बहिणीचं नाव हुतं हितं," ते म्हणाले. "माझ्या हातनं कापलं गेलं."

म्हातारीने खालच्या त्या रेघेवर बोट ठेवले आणि हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले.

"ही रेघ तिचीच हाय," ती म्हणाली. "तात्या सांगायचं, आदी अक्षार काढ, मग वर रेघ वढ. ही ऐकायची न्हाय. म्हनायची, दोरी बांदल्याबिगर कापडं कुठं वाळत घालू? आदी रेघ वढली लांबलचक, मग खाली एकेक अक्षार टांगलं." तिने टिंबाला बोट लावले. "ह्यो झुंबरचा ठिपका. लगीन लागूस्तवर हासत हुती."

आणि मग ती रडली. मुबीनभाईंनी मान खाली घातली.

मित्रांनो, मी इतकी वर्षे त्या नावांना गोंधळ म्हणत होते. माझी छापील पाने त्या ओट्यावर कुणी वाचली नाहीत आणि पहिल्यांदाच मला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते कड कापली तेव्हा मला बरे वाटले होते याचे. त्या पाचशे प्रतींपैकी आणखी कुठे कुणी असेलही. ते नाव फक्त माझ्यापाशी होते.

विजयसिंह म्हणाले की पुस्तिका तुम्हीच ठेवा. रंगुबाईंनी डोळे पुसले आणि नको म्हणाल्या.

"माझ्या घरात उंदरं हायती. तुमी जपता, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पर हितं तिचं नाव हुतं, येवढं लिवा."

मेहरीनने तिथेच ओट्यावर नवे कार्ड काढले. समासांतली नावे तिने दोषांमधून काढली आणि वर, पुस्तिकेच्या नावाखाली, गावासालांसह एकेक करून लिहिली. एकेचाळीस निघाली. दोषांपुढे तिने लिहिले, 'खालची कड कापलेली. पान सहा, झुंबर, सांगवी, १९६१, स्वहस्ते. फक्त शिरोरेघ आणि अनुस्वार शिल्लक.' मुबीनभाईंनी ते वाचायला सांगितले आणि कुणी कापली तेही लिही म्हणाले. तिने वडिलांकडे पाहिले आणि त्यांच्या दुकानाचे नाव लिहिले.

विजयसिंहांच्या कपाटात मी आता बांधणीविना, एका पुठ्ठ्याच्या घडीत राहते. शेजारच्या मरून रांगेत मी दिसायला बेंगरूळ आहे. विजयसिंह हल्ली कधी कधी कपाट उघडून त्या रांगेकडे बघत उभे राहतात. त्या पुस्तिकांच्या कापलेल्या कडांवर काय होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात जुने कागद असतील. ते जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, जपताना त्यांना सरळ करायला जाऊ नका. माझी कड वाकडीतिकडी होती तोवर झुंबर माझ्यापाशी अख्खी होती.