देवीने नाकारलेला हात

मंगळवारी चाकणच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. बैलगाड्या, टांगे, एखादी लॉरी, आणि प्रत्येकात अंगावरून वारं गेलेला एक तरी माणूस. मोशीच्या पुढे कौलबाबांचा मांडव होता. बाबा गर्जायचे, "आईनं कौल दिलाय! उचल लिंबू!" आणि खरोखरच तो लुळा हात थरथरत ताटाकडे जायचा, लिंबू उचलायचा. लगेच ढोल, भंडारा, आरोळ्या. महिन्याभराने तोच माणूस स्वतःच्या हाताने नारळ फोडायला यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तर माझा जास्त जळफळाट व्हायचा. तिकडे पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला होता, आणि तिथलेच कामगार खाडा करून बापाला लिंबू उचलायला आणत होते.

भोसरीत माझ्या शेजारी सोनबा सुतार राहायचे. लाकूड तासायचा वाकस हाती घेऊन बैलगाडीचं चाक करावं तर त्यांनीच. एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. झटका हलका होता. दुपारपर्यंत जीभ सुटली, दुसऱ्या दिवशी पाय उचलू लागला. हात तेवढा पडलेला. मी शाळामास्तर; डॉक्टरकडे चला म्हणून घसा कोरडा केला. पण त्यांच्या बायकोने, यशोदाबाईंनी, त्याच मंगळवारी गाडी जुंपली.

सोनबांपुढे लिंबाचं ताट आलंच नाही. बाबा डोळे मिटून म्हणाले, "आई न्हाई म्हणती. ह्यो हात आता आईचा. लाल फडक्यात छातीशी बांधा. औजाराला लावायचा न्हाई, भाकरीला लावायचा न्हाई. लावला तर दुसरं अंगबी जाईल."

यशोदाबाईंनी हात बांधला. देवीने नाकारलेला माणूस म्हणजे घराची लाज, म्हणून सोनबांना मागच्या पडवीत बसवलं. घरोघरी हेच चालायचं. बरे झालेले मांडवात मिरवायचे आणि नाकारलेले कुणाला दिसायचेच नाहीत. मग चमत्कार वाटेल नाही तर काय!

वर्षभराने पुण्याहून डॉक्टर दिघे आले. हलक्या झटक्यानंतर मेंदू किती सावरतो, फार दिवसांनीही सावरत राहतो का, याचा शोध घेत ते गावोगाव फिरत होते. सोनबांचं फडकं पाहून आणि मांडवातली सगळी हकिकत ऐकून त्यांनी मला विचारलं, "मास्तर, सोंग घेता येईल?"

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघे धडधाकट माणसं फेटे बांधून, एकेक हात लोंबकळत ठेवून मांडवात गेलो. यशोदाबाईंनाही आग्रहाने नेलं. देवीपुढे जाण्याआधी बाबांचा चेला चिमाजी प्रत्येकाचा लुळा हात पाण्याने धुवायचा. डॉक्टरांनी हात पार सैल सोडला. चिमाजीने बोटं दाबून पाहिली आणि खोकला. बाबा म्हणाले, "आई न्हाई म्हणती!" मी ठरल्याप्रमाणे बोटं किंचित आवळली. चिमाजी गप्प राहिला. लगेच माझ्यापुढे ताट आलं, मी लिंबू उचललं, ढोल वाजला.

डॉक्टरांनी त्याच 'लुळ्या' हाताने फेटा उतरवला. "आम्हा दोघांनाही काही झालेलं नाही! तुमच्या आईला हे कळलं कसं नाही?" ढोल थांबला. "ज्याच्या बोटांत जीव परत येतोय, तो बहुधा घरी बसूनही सुधारला असता. हा चिमाजी तेवढेच निवडतो. उरलेल्यांचे हात हे बांधायला लावतात. अहो, मेंदूचा एक भाग दुखावला की शेजारचा भाग त्याचं काम हळूहळू शिकतो. पण हात हलवलाच नाही तर शिकणार कशावर?"

"आईची परीक्षा बघतो व्हय रं!" बाबा किंचाळले. गर्दीतून एकजण ओरडला, "माझा बाप हितंच बरा झालाय, ते काय खोटं हाय?" डॉक्टर म्हणाले, "बरा झाला हे खरं, भाऊ. बाबांनी केला हे खोटं." पुढचं कुणी ऐकलं नाही. आम्हाला धक्के मारून बाहेर काढलं, आणि आम्ही रस्त्याला लागायच्या आत ढोल पुन्हा सुरू झाला.

एकट्या यशोदाबाईंना पटलं. घरी येताच त्यांनी फडकं सोडलं. हात तसाच छातीशी राहिला. डॉक्टरांनी कोपर सरळ करू पाहिलं, तर सोनबा कळवळले. मुठीत नखं तळव्यात रुतली होती.

"डॉक्टरसाहेब, बांधला नसता तर वाकस धरला असता का मी?" सोनबांनी विचारलं.

डॉक्टरांनी कोपर अलगद सोडलं. मग म्हणाले, "बहुतेक धरला असता."

"आनि आता?"

"शेकून, चोळून थोडा सैल होईल. सांधे आखडलेत. वाकस नाही धरता यायचा."

यशोदाबाई सोडलेलं लाल फडकं हातात पिळत होत्या. "म्याच बांधला की वो," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

मांडव अजून आहे, गर्दीही आहे. बाबांशी भांडून मी थकलो. पण तुमच्या घरात कुणाचा हात असा बांधलेला असेल तर हे वाचून होताच तो सोडवा, रोज हलवा, त्याला घास धरायला लावा. आणि कुणी बरे झालेले दाखवले, तर बरे न झालेले कुठे आहेत ते विचारा. आम्ही एक वर्ष उशिरा विचारलं.