सोबत एक मैत्रीण आणावी

टिल्लीची आई बसडेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायची. टिल्लीची आठवी संपते न संपते तोच तिने लेकीचीही ड्युटी लावून टाकली, थेट कॉलेजात प्रवेश मिळेपर्यंतची. सकाळी पोहणं, मग शाळा, मग शिकवणी. रविवारी वृद्धाश्रमात वाचून दाखवणं, कारण कॉलेजवाल्यांना सेवाभाव आवडतो म्हणे. ड्रायव्हरला दोन फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती द्यावीच लागते, नाहीतर युनियन डोक्यावर बसते. टिल्लीची युनियन नव्हती.

"मैत्रिणी काय, पुढे ढिगाने मिळतील," आई म्हणायची. शेजारच्या बिल्डिंगमधली गोटी, टिल्लीची जिवाभावाची मैत्रीण, बरेच दिवस खालून हाका मारत राहिली. मग तिने नाद सोडला. टिल्लीला वाईट वाटायलाही फुरसत नव्हती. वाटलं ते पुढे, शाळेत एकटीने डबा खाताना, आणि ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.

बारावीत हव्या त्या कॉलेजने मुलाखतीला बोलावलं. घोडं पेंड खातं ते तिथेच. त्या कॉलेजची जुनी रीत अशी, की येताना आपल्याच वयाची, आपल्याला नीट ओळखणारी एक मैत्रीण किंवा मित्र आणायचा. मुलाखत व्हायची ती त्या सोबत्याचीच.

"मावशीच्या मुलीला ने," आई म्हणाली.

"नातेवाईक चालत नाहीत गं."

आईला जन्मात पहिल्यांदा बदली माणूस सापडेना.

शेवटी टिल्ली गोटीच्या दारात जाऊन उभी राहिली. अडखळत तिने कॉलेजची अट सांगितली. गोटीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते. पण मला माहीत आहे तेवढंच सांगेन हं."

मुलाखतीच्या दिवशी गोटी आत गेली आणि टिल्ली दाराबाहेर बाकावर बसली. आतून गोटीचा आवाज खणखणीत येत होता. "डेपोत गाड्या धुवायला लावल्या की आम्ही आत लपून बसायचो. ही ड्रायव्हरच्या सीटवर. जिचा-ज्याचा राग आला असेल त्याच्या नावाचा थांबा करून ओरडायची, पुढचा थांबा गणिताच्या बाई, उतरणाऱ्यांनी रडत उतरा!" आत हशा पिकला. टिल्लीलाही हसू आलं. कोण बरं ही भन्नाट पोरगी, असं क्षणभर तिला खरंच वाटलं.

टिल्लीला तिथल्या तिथे प्रवेश मिळाला. प्राध्यापकबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "ती बसवाली तूच ना? आम्हाला अशीच मुलगी हवी होती."

"हो," टिल्ली म्हणाली. आयुष्यात इतकं खोटं ती कधी बोलली नव्हती.

फाटकाशी तिने गोटीचा हात धरला. "चहा घेऊया ना."

"आज नको गं. मैत्रिणी थांबल्यात." गोटीने हात हळूच सोडवून घेतला. "आठवीपर्यंतचंच सांगितलं मी. पुढची तू मला ठाऊक नाहीस."

परतताना बसमध्ये आईचा फोन आला. बातमी ऐकून आई आनंदाने रडत होती, आणि रडता रडताच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं आखत होती. टिल्लीने हूं हूं केलं आणि फोन ठेवला. बस जवळजवळ रिकामी होती. तिने खिडकीकडे तोंड करून अगदी हळू म्हणून पाहिलं, "पुढचा थांबा..."

नाव सुचेना. ज्याच्यावर रागवावं इतकंही जवळचं तिला कुणी आठवेना.