गप्पा न तोडता पळायचं

"बाई, उपास हाय," म्हणत संस्कृती मैदानाच्या पायरीवर बसली.

आमच्या सिडकोतल्या शाळेत, खेळाच्या तासाला उपास म्हटलं की मुलीला बसू द्यायचं, हा रिवाज माझाच. मी स्वतः उपास करणारी, त्यामुळं जास्त चौकशी करायला जीभ रेटत नाही. पण नववीतल्या या पोरीचे सोमवार, गुरुवार, शनिवार सगळे झाले होते आणि आज होता बुधवार.

"बुधवारचा कोणाचा गं?"

"बुधाचाच की, बाई."

विशाखा फिसकन हसली. "सुट्टीत भजे खाल्ले तिनं. बुधाला चालत असतील!"

संस्कृतीनं मान खाली घातली. गेल्या क्रीडादिनी ती शेवटी आली आणि ती पोचेपर्यंत मुली टाळ्या वाजवत राहिल्या. टाळ्या कौतुकाच्या नव्हत्या. तेव्हापासून ती मैदानात उतरलीच नव्हती. मला तिला उतरवायचं होतं, पण ओढून नाही.

मी शिट्टी खिशात घातली. "आज जोडीनं पळायचं, गप्पा मारत. दम लागून बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. गप्पा न तोडता फेरी पुरी करील ती जोडी जिंकली."

"बाई, वर्गात बोललं की बाहेर काढता, अन् इथं?" एकीनं विचारलं.

"इथं गप्प बसलीस तर बाहेर."

विशाखा धावण्यात तालुक्याला पहिली आलेली. ती सवयीनं सुसाट सुटली. वळणावरच तिची जोडीदार प्रेरणा धापा टाकत खाली बसली. दोघींच्या तोंडून शब्द फुटेना.

"बाद!" मुली ओरडल्या.

विशाखाला हे ऐकायची सवय नव्हती. ती तणतणत पायरीपाशी आली. "चल गं संस्कृती. वर्गात तुझं तोंड बंद नसतं."

"मला पळता येत नाय."

"अन् मला बोलता येत नाय. ऊठ."

संस्कृतीनं माझ्याकडं पाहिलं. मी निंबाच्या झाडाकडं बघत राहिले. ती उठली.

आधी दोघी गप्पा मारत नुसत्याच चालल्या. मग संस्कृतीनं सिल्लोडच्या मामाचं लग्न काढलं. बँड वाजला तशी नवरदेवाची घोडी बिथरली अन् मामासकट मक्याच्या वावरात शिरली. सांगता सांगता तिची पावलं पळायला लागली.

"मग?"

"मग काय, मामी मांडवात अन् मामा मक्यात!"

तिला धाप लागली की विशाखाच वेग कमी करायची. "सावकाश. पण तोडू नको."

चुन्याची रेघ आली आणि मागं पडली.

"अगं, जिंकल्या तुम्ही! थांबा!" मुली ओरडल्या.

"थांबा काय?" विशाखानं मानही वळवली नाही. "घोडी अजून वावरातच हाय!"

खाली बसलेली प्रेरणा ताडकन उठली आणि पुढचं ऐकायला त्यांच्यामागं धावली.