भागीरथाचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुने मुसळ आहे. तिवसाच्या लाकडाचे, बुडाला लोखंडी कडे असलेले. अंगाने जड, आणि स्वभावानेही तसेच. पत्रू सुताराने मला घडवले तेव्हा सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यातून मूल गावच्या गिरणीवर धान नेणारी घरे थोडीच होती. बाकी सगळे उखळातच कांडायचे. माझ्या घरधन्याची, वारलूची, बायको भागीरथा मला असे उचलायची की माझे वजन मलाच कळत नसे. बाया म्हणत, "कांडावं त भागीरथानं!" ते ऐकून मी फुगत असे, खोटे कशाला बोलू?

एकोणीसशे पंचावन्न साली तिच्या छातीत गाठ निघाली. वारलूने तिला नागपूरला नेले. डॉक्टरांनी उजवा स्तन काढून टाकला, तेव्हा कुठे ती वाचली. घरी पाठवताना त्यांनी बजावले होते, "हात रोज थोडा थोडा वर करायचा. दुखला तरी करायचा, नाहीतर आखडेल."

वारलूने हे घरी सांगितले. पण त्याची आई रुखमाबाई पार हादरली होती. मागे तिचा स्वतःचा हात मोडला होता, तो कामट्या लावून बांधून ठेवल्यानेच जुळला होता. तिने जुने लुगडे फाडले आणि सुनेचा हात छातीशी घट्ट बांधला.

"हालवू नोको, माय. टाके उसवतीन."

"पर डाक्टर त म्हणत होते..."

"डाक्टर येते का इथी तुयं दुखनं पाहाले? बस तू."

भागीरथा बसली. कुणी तिला तांब्याही उचलू देईना. सगळ्यांची माया होती, आणि मायेपुढे तिचे काही चालेना. वारलू धान गिरणीवर नेऊ लागला. मी कोपऱ्यात धूळ खात उभे राहिले. पट्टी सुटली तेव्हा तिचा हात खांद्याच्या वर जाईना. तिची वेणी लेक कुंता घालू लागली. चोळीत ती सावरीच्या कापसाची घडी ठेवायची, त्यामुळे बाहेरच्यांना काही कळत नसे.

मग कुंताचे लग्न ठरले. आमच्याकडे लग्नाची हळद उखळात कुटतात आणि पहिले घाव नवरीच्या आईचे असतात. "पोरीची हरद मीच कुटीन," हेच भागीरथाच्या तोंडी. घरात कुणी नसले की ती मला धरायची आणि दातओठ खाऊन उचलायची. मी कमरेपर्यंत यायचे, त्याच्या वर नाही. मला हलके होता आले असते तर! पण लाकडाला ते जमत नाही.

हळदीच्या दिवशी बाया जमल्या. तिची जाऊ चंदाबाई मदतीला पुढे आली.

"नाई. मले एकटीलेच उचलू द्या."

तिने मला दोन्ही हातांनी धरले. मी छातीपर्यंत आले, तिचा उजवा हात तिथेच अडला आणि मी निसटून उखळाच्या काठावर आदळले. हळकुंडे अंगणभर पसरली. चंदाबाईने मला उचलले आणि पहिले घाव तिनेच घातले. भागीरथा डाव्या हाताने हळकुंडे वेचत राहिली.

रुखमाबाई तिच्याजवळ येऊन बसली. "माह्याच हातानं बांधला वो मी तुया हात."

भागीरथाने पुढचे हळकुंड उचलले.

पाठवणीच्या वेळी कुंता आईच्या गळ्यात पडली. भागीरथाचा एकच हात तिच्या पाठीवर गेला. पुढे रुखमाबाई सुनेच्या खांद्याला रोज तेल चोळत राहिली, पण हात काही सुटला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठले, तर त्याच्यावर माया जरूर करा. पण दुखते म्हणून त्याचा हात बांधू नका. दुखू द्या, पण वर जाऊ द्या.