नुसताच पंखा फिरतोय

दादा हुपरीकरांना जगातल्या फार थोड्या गोष्टी पसंत होत्या, आणि त्यातली एकही गेल्या वीस वर्षांत तयार झालेली नव्हती. शाहूपुरीत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. भिंतीला लागून टाइपरायटर, प्रत्येकापुढे मान खाली घातलेला एक उमेदवार, आणि पाठीमागे दादा. उमेदवाराची बोटं बघून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात त्यांचा हातखंडा होता. टायपिंग हा दादांचा जोडधंदा, मूळ धंदा नाकानं कांदे सोलायचा, असं शेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला आकाराम म्हणायचा; अर्थात दादांच्या माघारी.

तशात अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला. आला म्हणजे पिशव्यांतून आला. तयार यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून दादांचा मुलगा बंडू मुंबईला जाऊन सुटे भाग घेऊन आला आणि त्याच्या बायकोनं, श्यामलानं, ते पुढच्या खोलीत टेबल मांडून जोडायला घेतले. श्यामला नेसरीची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन या घरात आली होती आणि डिप्लोमा भिंतीवर टांगून जन्मभर भाकऱ्या थापायची तिची तयारी नव्हती.

"सुट्या भागांतून सायकल होते," दादा दारातूनच म्हणाले. "कॉम्प्युटर होतो होय? उद्या हाडं जोडून म्हैस उभी करशील आणि धार काढायला बसशील."

श्यामलानं मान वर केली नाही. हातात स्क्रू होता, तो पडला असता.

म्हशीचा विषय मात्र अगदीच अस्थानी नव्हता. मुरगूडकडच्या एका दूधसंस्थेचे चेअरमन गणपतराव शुक्रवारी दुपारी यंत्र बघायला येणार होते. सभासदांची दर दहा दिवसांची दुधाची बिलं त्यांच्याकडे हातानं लिहायचे, आणि दर बिलाला चुका नि भांडणं ठरलेली. यंत्रानं त्यांच्यासमोर बिल काढून दाखवलं तर संस्थेचं सगळं काम श्यामलाला मिळणार होतं. दादांनी या प्रकरणात एकच अट घातली होती, आणि ती जेवताना, सगळ्यांसमोर घातली होती.

"शुक्रवारी चाललं तर पुढची खोली तुझी. न चाललं तर तो डबा माळ्यावर, आणि तू माईच्या हाताखाली स्वैपाकघरात. मग पुन्हा विषय काढायचा नाही."

"चालेल," श्यामला म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी यंत्र चाललं. टिक् असा आवाज झाला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि बंडूनं पेढे आणायला चप्पल घातलीसुद्धा. दादांनी लांबूनच बघितलं. "हिरवं दिसतंय," एवढंच म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

शुक्रवारी सकाळी श्यामलानं बटण दाबलं. दिवा लागला. आतला पंखा घुर्रर्र करून फिरायला लागला. पडदा काळा तो काळाच.

तिनं बंद करून पुन्हा लावलं. पंखा फिरला. पडदा काळा.

दादांना मनातून किती बरं वाटलं हे सांगायला संकोच वाटतो, पण वाटलं खरं. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त आपलं म्हणणं खरं ठरलेलं आवडायचं, आणि त्यापायी दुसऱ्याचं काय होतं हे बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली, दाराशी ऐसपैस बसले आणि उमेदवारांना आज सुट्टी देऊन टाकली. असा तमाशा रोज थोडाच बघायला मिळतो.

श्यामलानं यंत्राचं झाकण काढलं. एक एक कार्ड उपसून काढलं, त्याच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. बटण दाबलं. पंखा.

"छान वारा येतोय," दादा म्हणाले. "उन्हाळ्यात उपयोग होईल."

शाहूपुरीत कुणाच्या घरी काही बिघडलं की ते त्या घराचं राहत नाही. पहिला आला आकाराम. कमरेवर हात ठेवून त्यानं यंत्राच्या पोटात डोकावलं आणि मोठ्यानं निकाल दिला. "कंडेन्सर गेलाय बगा, वैनी. माज्याकडं धा रेडिओ येत्यात, त्यातल्या नवांचा कंडेन्सर गेलेला असतोय."

"आणि दहाव्याचा?" दादांनी विचारलं.

"त्यो माज्याकडनं जातोय," आकाराम प्रामाणिकपणे म्हणाला.

मग बंडू बँकेत जाता जाता थबकला आणि म्हणाला की व्होल्टेज कमी असणार. दादा म्हणाले, व्होल्टेज तुझं कमी आहे. बिचारा गेला. मग बंडूची आई, माई, मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि त्यांनी यंत्रावरून रीतसर दृष्ट काढली. नेहमी लहान मुलांवरून काढतात तशीच, पण या बाळाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे न कळल्यामुळे त्यांनी दोन्हीकडून ओवाळलं. यावर तर दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "उतरव, उतरव! मुंबईची दृष्ट आहे ती, कोल्हापूरच्या मोहऱ्यांना दाद देणार नाही."

श्यामलाचं काम चालूच होतं. ती एक वस्तू काढायची, बटण दाबायची, काय होतं ते बघायची आणि दुसरी काढायची. फ्लॉपीची पेटी सोडवून बघितली. मेमरीच्या चिपा अंगठ्यानं दाबून बघितल्या. पडद्याची वायर बदलली. दरवेळी पंखा इमानेइतबारे फिरत होता आणि दरवेळी दादांना काहीतरी सुचत होतं. बारा वाजत आले तसं त्यांना अधिकच सुचायला लागलं.

"आता पुरे," ते शेवटी उठले. "त्या गणपतरावाला उगाच मुरगुडाहून हेलपाटा कशाला? मी फोन करून सांगतो, येऊ नका म्हणून."

"दादा, तासभर द्या अजून," श्यामला म्हणाली. त्या दिवशी ती दादांना उद्देशून पहिल्यांदाच बोलली होती. "तासाभरात सापडेल."

"सकाळपासून काय सापडलं? नाचता येईना अंगण वाकडं." आणि ते माजघरातल्या फोनकडे गेले.

फोनच्या डायलला कुलूप होतं. दादांच्या घरात कुलूप नसलेली वस्तू म्हणजे देवघरातली घंटा, तीही लहान म्हणून. रोज संध्याकाळी दिवे लागले की दादा सगळ्या घरातून एक फेरी मारायचे आणि दिसेल त्या कुलपात किल्ली फिरवून पुढे जायचे. सगळ्या किल्ल्यांचा जुडगा भक्कम सुती गोफानं कमरेला बांधलेला. तो आंघोळीलाही सुटत नसे. हाताला इतकी सवय झाली होती की डोकं कुठेही असो, हात आपलं काम करून मोकळे व्हायचे.

दादांनी फोनच्या किल्लीसाठी जुडगा चाचपला आणि त्यांच्या बोटांना एक अनोळखी किल्ली लागली. बुटकी, गोल, नळीसारख्या तोंडाची. ती त्यांनी उजेडात धरली. आणि मग त्यांना आठवलं. काल संध्याकाळी फेरी मारताना त्या यंत्राच्या कपाळावर ही किल्ली कुलपात तशीच लटकत होती. कुलपात राहिलेली किल्ली दादांना बघवत नाही. त्यांनी ती फिरवली, उपसली, जुडग्यात ओवली आणि पुढे गेले. काखेत कळसा आणि सकाळपासून सगळ्या शाहूपुरीला वळसा.

आधी त्यांनी शिरस्त्याप्रमाणे दुसऱ्याचा दोष शोधून बघितला. किल्ली अशी उघड्यावर ठेवतात का? घरंदाज माणसं ठेवतात का? पण आज तो दोष कुणाच्याच अंगाला चिकटेना. मग एक दुसरा विचार आला. गप्प बसावं. गणपतराव येतील आणि जातील, डबा माळ्यावर जाईल, किल्ली पंचगंगेत जाईल, आणि दादा म्हणाले तेच खरं झालं असं गाव म्हणेल. हा विचार त्यांना बराच वेळ आवडला, आणि आवडला म्हणूनच त्यांना स्वतःची लाज वाटली. दारातून त्यांना श्यामला दिसत होती. नाकाच्या शेंड्याला काळी धूळ, ओठ घट्ट मिटलेले, आणि ते एकच कार्ड ती तिसऱ्यांदा खोडरबरानं घासत होती. पोर रडायला आली होती, पण रडत नव्हती.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

गणपतराव म्हणजे भरभक्कम माणूस. पायरीवर चपला काढत त्यांनी तिथूनच आरोळी दिली, "काय दादा, हाय का न्हाय तुमचं यंत्र चालू? आमी बँकंतनं बंडूला बी घिऊन आलोय. आमच्यात बिलाच्या दिवशी निम्मं गाव भांडाय येतंय, जरा सोडवा की आमास्नी!"

खोलीत शिरून त्यांनी उघडं पडलेलं यंत्र बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ह्यो तर नुसताच पंखा फिरतोय."

"बिघाड सापडला नाही अजून," श्यामला सरळ म्हणाली. "काल चालत होतं."

"काल चालून काय करायचं, सूनबाई? बिल आज काढायचं असतंय. मग इचलकरंजीला एक माणूस हाय, त्येला इचारतो."

आता मात्र दादांना राहवेना. त्यांच्या डोक्यात एक बेत शिजला: हळूच किल्ली फिरवायची, यंत्र चालू होईल, सुनेचं काम होईल आणि आपलं नाक शाबूत राहील. "सरका सगळे," ते गरजले. "मी बघतो."

सगळे सरकले, मुख्यतः आश्चर्यानं. दादा यंत्राला पोट लावून असे उभे राहिले की धोतराच्या घोळात समोरची बाजू झाकून गेली. डाव्या हातानं त्यांनी चाचपडत किल्ली घातली, फिरवली, आणि त्याच क्षणी उजव्या हातानं यंत्राला एक सणसणीत थप्पड मारली.

टिक्. पडदा हिरवा झाला. अक्षरं भराभर उमटली.

"आयला!" गणपतराव म्हणाले. "दादांचा हात लागला की!"

बंडूनं टाळ्या वाजवल्या. भिंतीपलीकडून आकारामानं कंडेन्सर बसला काय म्हणून विचारलं. दादांनी मिशीवरून हात फिरवला आणि मागे सरकायला गेले. सरकता येईना. त्यांनी किल्ली ओढली. किल्ली निघेना. ते कुलूप बंद असतानाच किल्ली सोडत होतं. उघडं असलं की घट्ट धरून ठेवायचं. किल्ली जुडग्यात, जुडगा गोफाला, गोफ कमरेला. दादा यंत्राला बांधले गेले होते.

"सरका की दादा," गणपतराव म्हणाले. "अक्षरं दिसू द्यात."

"इथूनच दाखवतो," दादा म्हणाले आणि आणखी चिकटून उभे राहिले.

श्यामला मात्र पडद्याकडे बघतच नव्हती. थपडेनं चालू झालेलं यंत्र थपडेनंच बंद पडेल, हे तिला ठाऊक होतं. ती बाजूनं वाकली. तिला जुडगा दिसला, ताणलेला गोफ दिसला, आणि गोफाच्या टोकाला सासरे दिसले. मग तिनं यंत्राच्या आत बघितलं, कुलपाच्या दोन बारीक वायरी बोटानं माग काढत शेवटपर्यंत नेल्या, आणि तिचा चेहरा उजळला.

"चूक माझी आहे," ती गणपतरावांना म्हणाली. "कुलपानं फक्त कीबोर्ड बंद व्हायला हवा. मी त्याच्या वायरी शेजारच्या पिनांवर बसवल्या, म्हणून कुलूप लावलं की अख्खं यंत्रच अडकून पडत होतं. किल्ली दिसत नव्हती सकाळी, तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. बिल निघालं की दोन मिनिटांत बदलते. पुन्हा होणार नाही."

एवढंच बोलली. कुलूप कुणी लावलं हे ती बोललीच नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. उत्तर तिथं दोन पायांवर उभं होतं. आपण नावं ठेवलेली पोर सगळ्यांसमोर "चूक माझी" म्हणून मोकळी झाली, आणि आपण अजून धोतरानं कुलूप झाकतोय, हे दादांना फार झोंबलं.

गणपतरावांनी एकदा गोफाकडे आणि एकदा दादांकडे बघितलं, आणि मोठ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणून छताकडे बघत म्हणाले, "काडा बिल, सूनबाई."

प्रिंटर कर्र-कर्र करत बिल काढायला लागला. लिटर, फॅट, दर, सगळं ओळीत. गणपतरावांनी कागद फाडून घेतला, तोंडानं बेरीज करून बघितली, पुन्हा करून बघितली. "फुडच्या दहा दिसांच्या बिलापास्नं तुमच्याकडं," ते म्हणाले. "पन त्ये कुलपाचं तेवडं बगा."

दादा अजून यंत्रापाशीच होते. किल्ली फिरवावी तर यंत्र बंद पडणार, न फिरवावी तर सुटका नाही. शेवटी त्यांनी गोफाच्या गाठीला हात घातला. तीस वर्षांची गाठ, नखं लागेनात.

माई पदराला हात पुसत पुढे आल्या. "हात काढा, मी सोडवते," त्या म्हणाल्या, आणि दातांनी गाठ सैल करून त्यांनी जुडगा दादांच्या कमरेपासून वेगळा केला. दादा सुटले आणि लगेच दोन पावलं मागे गेले. यंत्राची किल्ली तिथंच कुलपात राहिली. बाकीच्या किल्ल्या माईंनी एक एक करून बोटानं बाजूला सारल्या, एक निवडली आणि कडीतून ओढून काढली.

"ही कोठीची," त्या म्हणाल्या. "या घरात आल्यापासून पाहुण्याच्या चहाला साखर मागून घेत्येय. आजपासून मागणार नाही."

त्यांनी किल्ली आपल्या कमरेला खोचली आणि गणपतरावांना चहा किती गोड लागतो ते विचारलं.